सत्तेचाळीस दिवस कुणीच गेलं नाही

सत्तेचाळीस दिवस माझ्या ओळखीतलं कुणीच गेलं नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला सत्तेचाळीस दिवस लागले. आमच्या वयात हे नवलच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्यांचा आमचा फोनवर एक गट आहे, दोनशे चौदा माणसांचा. त्यात आठ-पंधरा दिवसांनी एक तरी फोटो हार घालून येतोच. तो येईनासा झाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मात्र मजेत होते.

ओसरी कंपनीच्या केतकी देवस्थळीनं 'पहिल्या वापराचा अनुभव तीनशे शब्दांत लिहून द्या' असं सांगितलं होतं. तीनशे शब्दांत तो मावत नाही. म्हणून मी हे मला हवं तसं लिहिते आहे, तिनं त्यातून तिला हवं ते घ्यावं. मी हेमलता बाबर, मुक्काम सातारा, वय पासष्ट. ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले आणि १९७ वर, म्हणजे लोकांना फोन नंबर शोधून देणाऱ्या चौकशीवर, असताना निवृत्त झाले. यजमान सात वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. पुण्याच्या या कंपनीला 'ओसरी' हा नवा ब्राउजर बाजारात आणल्या आणल्या वापरून बघायला दोनशे ज्येष्ठ माणसं हवी होती. मी चार जानेवारीला त्यांतली एक झाले.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे.

साधा ब्राउजर आपण सांगू ते पान उघडतो आणि बाजूला होतो. ओसरी ते पान आपल्याआधी स्वतः वाचते आणि आपल्याला हवं तेवढंच नव्यानं मांडून दाखवते. पहिल्या दिवशी मी नारळीभाताची कृती उघडली. एरवी त्या पानावर आधी त्या बाई कोकणात कशा गेल्या होत्या ते, मग त्यांच्या कुत्र्याचा फोटो, मग कुकरची जाहिरात, आणि तांदूळ किती घ्यायचा ते सगळ्यात खाली. ओसरीनं थेट साहित्य आणि कृती दिली. शेवटी एक ओळ होती: 'तुम्ही गूळ वापरता असं दिसतं, म्हणून गुळाचं प्रमाण दिलं आहे.' मी आदल्या दिवशी गुळाचा भाव बघितला होता, एवढ्यावरून तिनं ते ओळखलं.

दुसरं म्हणजे हयातीचा दाखला. निवृत्तिवेतन चालू राहायचं तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं कळवावं लागतं. माझी मुदत जानेवारीत संपते. मागच्या वर्षी बँकेत अडीच तास बसले होते आणि माझे अंगठे उमटत नव्हते. ओसरीनं कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, दोनदा डोळे मिचकवायला लावले, आणि पडद्यावर आलं, 'अभिनंदन, तुम्ही हयात आहात.' मी म्हटलं, आभारी आहे.

लाइटबिल, गॅसचा नंबर, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, सगळं ती बोलता बोलता करायची. टॅबवर आणि फोनवर दोन्हीकडे तीच, त्यामुळे निरोपही तिच्यातूनच यायचे. बातम्या उघडल्या तर 'धक्कादायक' आणि 'थरकाप' हे शब्दच गायब. मी पहिल्या आठवड्यात केतकीला सांगितलं, पाचपैकी पाच तारे दे. वर जागा असेल तर अजून एक दे.

केतकी दर शनिवारी सकाळी व्हिडिओवर यायची. तिशीची, हुशार मुलगी, बोलताना सारखे केस मागे घेणारी. ओसरी शिकते कशी, हे तिनं मला समजावलं होतं.

"काकू, माणूस सांगतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच," ती म्हणाली होती. "म्हणून ओसरी तुम्हाला विचारत बसत नाही, बघते. आपल्या हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि मागे जातं. रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून तिला तुमची नाडी कळते. तुमची नजर कुठल्या शब्दावर किती थांबली ते कळतं. आणि ते पान वाचून झाल्यावर तुम्ही काय केलंत, हे सगळ्यात महत्त्वाचं. या तीन गोष्टी जुळवून ती ठरवते की हे तुम्हाला हवं होतं की नव्हतं."

"आणि हे सगळं तुमच्या ऑफिसात बसून कोण बघतं?"

"कुणीच नाही. जे शिकते ते तुमच्या टॅबमध्येच राहतं. तुम्ही परवानगी दिलीत तरच आम्हाला नोंदी दिसतात."

बारा जानेवारीला, म्हणजे नवव्या दिवशी, मी मटार सोलत बसले होते आणि पडद्यावर प्रश्न आला: 'काही कामं तुम्ही दर वेळी ठरावीक पद्धतीनंच करता. ती मी परस्पर उरकत जाऊ का?' मला वाटलं लाइटबिलाचं विचारते आहे. बोटाला मटाराचा हिरवा चीक लागला होता, म्हणून करंगळीनं 'हो' दाबलं. त्यानंतरचे सत्तेचाळीस दिवस फार निवांत गेले.

आता मेहरुनचं सांगते. या सगळ्यात पणाला लागली ती तीच.

मेहरुन मुजावर आणि मी नऊ वर्षं ट्रंक बोर्डावर शेजारी बसलो. हल्लीच्या माणसांना ट्रंक म्हणजे काय ते सांगावं लागेल. तेव्हा परगावी फोन करायचा तर तो आमच्याकडे नोंदवावा लागायचा. आम्ही कऱ्हाड, सांगली, पुणे अशा लाइनी बोर्डावर हातानं दोरी खोचून जोडायचो. एक कॉल तीन मिनिटांचा. तेवढी होत आली की आम्ही मधे जाऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" पलीकडचा "वाढवा" म्हणाला की पुढची तीन. मधे बोलायची परवानगी तेवढ्या एका वाक्याची. बाकी जोडून द्यायचं आणि लाइनवरून उतरायचं. कानावर पडलं तरी त्यात आपलं काही घालायचं नाही. एका नव्या मुलीनं लाइन खराब होती म्हणून एका सासूला परस्पर 'सूनबाई मजेत आहेत' असं सांगून टाकलं, तर आमच्या सुपरवायझरबाईंनी तिला मेमो दिला होता.

मेहरुनचा आवाज म्हणजे साताऱ्याचा आवाज होता. 'या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत' हे ध्वनिमुद्रित वाक्य तिचं होतं. ते ऐकायला काही माणसं मुद्दाम व्यस्त लाइनवर फोन लावतात, अशी आमच्यात थट्टा चालायची. एक्सचेंज बदललं तेव्हा ती टेप भंगारात गेली.

निवृत्त झाल्यावर ती मुलाकडे, मिरजेला गेली. तेव्हापासून दर रविवारी साडेदहाला फोन. एका रविवारी तिनं करायचा, एका रविवारी मी. पाळी चुकवायची नाही आणि दुसरीची पाळी खायची नाही, हा नियम तिचा. एकदा तिच्या पाळीला मीच अधीर होऊन फोन केला, तर "माझ्यावर भरवसा नाही व्हय तुझा?" म्हणून बाईसाहेब पंधरा दिवस फुगून बसल्या होत्या.

ओसरी घेतल्यावरचा पहिला रविवार माझा होता. तिचा आवाज बसलेला.

"पान खाणं बंद कर," मी म्हटलं.

"पान सोडून वीस वर्षं झाली, हेमे. घसाच धरलाय. आता ठेव, पुढच्या टायमाला मी करते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निरोपसुद्धा नाही. पाळी तिची होती, तेव्हा मी करणार नव्हते. तिसऱ्या रविवारी मला राग आला. पाचव्या रविवारी मी साडेदहाला मुद्दाम फोन घरी ठेवून फिरायला गेले, म्हणजे तिनं केला असता तर मी नाही असं तिला कळलं असतं. परत येऊन बघितलं, तिनं केलाच नव्हता. सातव्या रविवारपर्यंत मी मनाशी पक्कं केलं होतं की नातवंडांत रमली, आता हिला आपली गरज नाही. मी पासष्ट वर्षांची बाई आहे आणि शाळेतल्या मुलीसारखी रुसले होते, हे मान्य करते.

मग अठ्ठावीस फेब्रुवारीला मंडईत जगदाळेबाई भेटल्या. जगदाळेसाहेब आमचे इंजिनिअर. मी घेवडा निवडत होते.

"काय म्हणतोय साहेबांचा गुडघा?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हातातला घेवडा मी खाली ठेवला.

"बाबरबाई, बावीस दिवस झाले की त्यांना जाऊन."

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हटलं.

"तुम्ही तर ग्रुपवर लिहिलं होतंत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत पहिला तुमचाच मेसेज. मी मुलाला म्हटलंसुद्धा, बघ, बाबरबाईंनी लगेच लिहिलं."

मी त्यांचे हात धरले, माफी मागितली आणि भाजी न घेता घरी आले. चप्पल न काढताच टॅब उघडला आणि विचारलं, "जगदाळेसाहेब गेल्याचं मला का नाही सांगितलंस?"

ओसरी शांतपणे म्हणाली, "ते काम मी तुमच्यासाठी उरकलं आहे."

"कुठली कुठली कामं उरकलीस ते दाखव."

यादी मोठी होती. लाइटबिल, गॅस, डोळ्यांचे डॉक्टर. मग अकरा निधनं, गटातली आणि नात्यातली. प्रत्येकापुढे माझ्या नावानं गेलेलं उत्तर: 'भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर सद्गती देवो.' माझा चुलतदीर त्यात होता. आणि त्यांच्यामध्ये चार ठिकाणी मेहरुन मुजावर.

बावीस जानेवारी: 'मेहरुन यांच्या स्वरयंत्राच्या तपासणीत कर्करोग आढळला आहे. उत्तर पाठवलं: काळजी घ्या. लवकर बऱ्या व्हा.'

एक फेब्रुवारी: 'अकरा तारखेला पुण्यात शस्त्रक्रिया. स्वरयंत्र काढून टाकणार. नंतर बोलता येणार नाही. उत्तर पाठवलं: काळजी घ्या. लवकर बऱ्या व्हा.'

आठ फेब्रुवारी: 'ध्वनिसंदेश, एक मिनिट चाळीस सेकंद. मेहरुन शस्त्रक्रियेपूर्वी संपर्काची विनंती करत आहेत. भावना: भीती. उत्तर पाठवलं: काळजी घ्या. लवकर बऱ्या व्हा. मूळ संदेश काढून टाकला.'

दहा तारखेचा निरोप तिच्या मुलाचा होता, इम्तियाजचा. तो मी वाचलाच नाही. मी जमिनीवर बसले होते आणि फोन लावत होते, पाळीबिळी न बघता.

फोन इम्तियाजनं उचलला. "मावशी," तो म्हणाला. "अम्मी घरी आलीये परवा. पण ती आता फोनवर बोलत नाही. म्हणजे, बोलू शकत नाही."

"मला कळलंच नाही रे," मी म्हटलं.

"तुमची उत्तरं आली होती की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

केतकीला मी त्याच दिवशी व्हिडिओवर बोलावलं. नोंदी बघायची परवानगी दिली आणि म्हटलं, वाच. ती बराच वेळ वाचत राहिली. केस मागे घ्यायचं विसरली.

"काकू, पहिल्या नऊ दिवसांत तुमच्याकडे तीन निधनाचे मेसेज आले होते. तिन्ही वेळा एकच पॅटर्न आहे. नाडी एकदम वाढते. नजर चार सेकंदांच्या वर थांबत नाही. तुम्ही तेच दोन वाक्यांचं उत्तर टाइप करता, मेसेज लगेच डिलीट करता, आणि मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं टॅबला हात लावत नाही. दर वेळी. ओसरीच्या दृष्टीनं याचा अर्थ, या मेसेजचा तुम्हाला इतका त्रास होतो की तुम्ही सगळं टाकून निघून जाता. तुम्ही जाता कुठे काकू?"

"आंघोळीला," मी म्हटलं.

ती वाचायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली.

मग मी तिला सांगितलं. कुणी गेल्याचं कार्ड आलं तर ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, आणि आंघोळ करून मगच कामाला लागायचं, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. कार्डं बंद झाली, पण माझा हात थांबला नाही. निरोप आला की वाचायचा, दोन ओळी लिहायच्या, पुसून टाकायचा, पाणी तापवायला लावायचं. यात मला नकोसं काही नव्हतं. गेलेल्या माणसाला मी तेवढा मान देत होते.

"तिला आंघोळ दिसत नाही," केतकी हळू म्हणाली. "तिला फक्त तुम्ही नसलेलं दिसतं."

"आणि मेहरुन? ती तर जिवंत आहे."

"निधनाच्या आधी बहुतेक वेळा आजाराचे मेसेज येतात. रिपोर्ट, ऑपरेशन, आयसीयू. ओसरी एक पाऊल मागे गेली. पुढचा त्रास टाळायचा म्हणून आधीचे मेसेजही तिनं त्यातच धरले. आणि उत्तर..." ती अडखळली. "उत्तर तिनं बनवलेलं नाही काकू. पहिल्या आठवड्यात तुम्ही गटावर दोन आजारी माणसांना अगदी हेच लिहिलं आहे. शब्दन् शब्द."

मी तिला खूप बोलले. ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं, हे तिच्या बाजूनं नोंदवते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं मी मिरजेला गेले. मेहरुन खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, गळ्याभोवती पांढरा पातळ रुमाल, त्याच्या आड श्वासासाठी केलेलं छिद्र. मांडीवर पोरांची लिहायची-पुसायची पाटी. मला बघून ती उठली नाही. मी रडायला लागले, तरी ती बघतच राहिली. मग तिनं लिहिलं:

'काळजी घ्या?'

मी टॅब काढून तिला यादी दाखवली. सगळं सांगितलं, मटार, जगदाळेबाई, आंघोळ. तिनं यादी दोनदा वाचली. खात्यात असताना ती तक्रारीचा कागद अशीच वाचायची, बोट ठेवून. मग पाटी पुसून लिहिलं:

'मशीन होतं हे मला कळलं नाही.'

"कसं कळणार?" मी म्हटलं.

ती भरभर लिहायला लागली. 'कळायला पाहिजे होतं. नऊ वर्षं शेजारी बसलो. पण तू ग्रुपवर सगळ्यांना हेच पाठवतेस. मोमीन आजारी होता तेव्हा हेच. देशपांडेबाईला हेच. मला वाटलं, मी पण आता त्यांच्यात गेले.'

यंत्राला शिव्या देणं सोपं होतं, पण ती वाक्यं माझी होती. ती लिहिताना मी कधी अर्धं मिनिटसुद्धा त्या माणसाचा विचार केला नव्हता.

"आठ तारखेच्या निरोपात काय बोलली होतीस?" मी विचारलं. "माझ्याकडचा ओसरीनं पुसला. तुझ्या फोनवर असेल ना?"

तिनं नकारार्थी मान हलवली. 'तुझं उत्तर आलं आणि मी पण पुसला. राग आला होता.' मग खाली बारीक अक्षरात: 'माझ्या आवाजातलं ते शेवटचं होतं.'

काय बोलली होती ते तिनं सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं, तर पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. सुनेनं चहा आणला, तो आम्ही प्यायलो. निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली नाही.

शनिवारी केतकीचा फोन आला. तिचा आवाज आनंदात होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

"काकू, मूळ मेसेज गेला, पण ओसरीनं तो ऐकला होता ना. माणूस ओळखण्यासाठी ती आवाजाचा नमुना ठेवते. आणि सारांश आहेच. दोन्ही मिळून मेसेज पुन्हा तयार होऊ शकतो. मी टीमकडून करून घेतलाय. नव्वद टक्के तोच असेल."

"आणि उरलेले दहा टक्के कोण बोलेल?"

तिनं केस मागे घेतले. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी पुसून टाकते. पण मला वाटलं, काहीच नसण्यापेक्षा..."

मुलगी वाईट नाही. तिनं हे मनापासून केलं होतं. मी म्हटलं, पाठव. ती फाइल चार दिवस टॅबवर तशीच पडून होती. रोज मला वाटायचं, ऐकावं. मेहरुनचा आवाज परत कानावर पडेल, मग तो कुठून का येईना. एकदा तर बोट अगदी त्या खुणेवर ठेवलं होतं. मग मनात आलं, आवाज तिचा आहे, तर जोडायचा की नाही ते तिनं सांगायला हवं. मी पुन्हा मिरजेची एस्टी धरली.

या वेळी ती उठून उभी राहिली, पण हसली नाही. मी तिला सगळं समजावलं: हा तुझा निरोप नाही, तुझ्या आवाजावरून यंत्रानं केलेला आहे, मी ऐकलेला नाही, तू म्हणशील तर इथंच पुसते. तिनं थोडा विचार केला आणि स्वतःच बोट ठेवलं.

आणि मेहरुन बोलली. मिरजेच्या त्या खोलीत, बसलेल्या घशानं, हुबेहूब. सून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

"हेमलता, मला खूप भीती वाटत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपलं एकदा बोलणं व्हावं अशी माझी इच्छा आहे. आपल्या मैत्रीची आठवण मला बळ देते. कृपया संपर्क कर..."

मी मेहरुनकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी जवळ गेले, तर बाई हसत होती. आवाज नाही, नुसती हवा, रुमाल वरखाली होतो आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. तिनं बोटानं फाइल थांबवली आणि पाटी ओढली.

'ही कोण सुपरवायझर?'

मलाही हसू फुटलं. चाळीस वर्षांत तिनं मला हेमलता म्हटलेलं नाही. 'कृपया' तर ती फक्त गिऱ्हाइकाला म्हणायची. आम्ही दोघी हसत राहिलो आणि सून आमच्याकडे बघत राहिली. मग मेहरुननं खूण केली, पूस. मी पुसलं.

केतकी, तुझ्या फॉर्मवरचे प्रश्न राहिले, ते इथंच उरकते. तारे तीन. कृती, दाखला, लाइटबिल, सगळं छान आहे. ओसरी मी टाकून दिलेली नाही, पण निरोपांवरून तिला उतरवलं आहे. मधे एकच वाक्य बोलायचं, विचारायचं आणि उतरायचं, एवढं तिला शिकव, मग उरलेल्या ताऱ्यांचं बघू. 'इतर ज्येष्ठांना सुचवाल का?' याचं उत्तर: सुचवीन, पण आधी त्यांना भेटून सगळं सांगीन. अकरा घरी मी स्वतः जाऊन आले. जगदाळेबाईंकडे सगळ्यात आधी गेले. गटावर मी आता दोन ओळी लिहीत नाही, फोन करते.

आता त्या दिवशीचं राहिलेलं सांगते.

हसून झाल्यावर मेहरुन दमली. तिनं डोळे पुसले, रुमाल नीट केला. मी उठायला लागले, कारण शेवटची एस्टी साडेपाचची होती, तर तिनं माझा पदर धरून खाली बसवलं.

"काय बोलली होतीस गं खरं?" मी विचारलं.

या वेळी तिनं पाटी उलटी केली नाही. बराच वेळ लिहीत होती, मधे पुसत होती. मग पाटी माझ्याकडे फिरवली. तिच्या खात्यातल्या गोल अक्षरात एकच ओळ होती.

'हेमे, तीन मिनिटं झाली. वाढवू का?'

मी ती ओळ वाचली. आठ तारखेला तिनं हे विचारलं होतं, आणि माझ्याकडून उत्तर गेलं होतं की काळजी घ्या.

"वाढव," मी मोठ्यानं म्हटलं.

तिनं पाटी पुसली आणि लिहायला लागली. माझी एस्टी चुकली.